मैलाला पंचावन्न सेंट, ताटकळण्याचं शून्य

पत्र

काका, नमस्कार. आम्ही कोलंबस, ओहायोला राहतो. माझे मिस्टर ४४ वर्षांचे आहेत. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली त्यांची नोकरी जाऊन चौदा महिने झाले. ग्रीन कार्ड दोन वर्षांपूर्वी आलंय, त्यामुळे परत जायची टांगती तलवार नाही, पण बचत आता तळाला लागली आहे. घराचा हप्ता २,१०० डॉलर. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. मी शाळेत अर्धवेळ मदतनीस आहे. आता यांनी सीडीएल, म्हणजे ट्रकचं व्यावसायिक लायसन्स, काढून ट्रक चालवायचं मनावर घेतलंय. ट्रक कंपनीचा रिक्रूटर म्हणतो, मैलाला ५५ सेंट, आठवड्याला २,८०० मैल आरामात होतात. म्हणजे आठवड्याला १,५४० आणि वर्षाला ८०,००० डॉलर. ट्रेनिंगची फी कंपनीच भरणार, आणि पुढे ट्रकही हप्त्याने तुमच्या नावावर करून देऊ म्हणतात. हे खरं धरायचं का? यात घर नीट चालेल का? यांना शुगरच्या गोळ्या चालू आहेत. साताऱ्याला सासूबाईंना काय सांगायचं, ते तर मला सुचतच नाहीये.
– एक वाचक

उत्तर

ताई,

रिक्रूटरचा गुणाकार बरोबर आहे. ५५ सेंट गुणिले २,८०० म्हणजे १,५४० डॉलरच होतात. त्यातला २,८०० हा आकडा मात्र भरवशाचा नाही, आणि तासांचा आकडा तर त्याने सांगितलेलाच नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या तासांत आहे, म्हणून आधी तेच बघू.

मी इंडियानात बावीस वर्षं लोकांचे टॅक्स भरतोय. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला ग्रीनवुड नावाचं गाव आहे. तिथे पंजाबी ट्रकवाल्यांची मोठी वस्ती आहे, आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं तिथलीच. दर फेब्रुवारीत त्यांचे डब्ल्यू-टू (नोकरदाराचा वर्षाच्या पगाराचा कागद), १०९९ (कंत्राटदाराचा तसाच कागद) आणि आठवड्याच्या हिशेबाच्या चुरगळलेल्या सेटलमेंट स्लिपांची पिशवी माझ्या टेबलावर येते. स्टिअरिंगला मी कधी हात लावलेला नाही, पण कोणाच्या हातात शेवटी काय पडलं ते मला सेंटपर्यंत माहीत असतं.

आता रस्त्यावरचा दिवस कसा जातो ते बघा. फेडरल नियमाप्रमाणे माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला सलग दहा तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, आणि तीही ड्यूटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत. आठ दिवसांत मिळून ७० तासांची मर्यादा. हे १४ तासांचं घड्याळ एकदा सुरू झालं की सहसा थांबत नाही. गोदामात सकाळी ८ ची वेळ दिलेली असते, ट्रक पावणेआठला गेटवर हजर असतो, आणि डॉक, म्हणजे माल उतरवायचा धक्का, मिळून माल उतरून कागदावर सही होईपर्यंत दुपारचा एक वाजतो. पाच तास गेले आणि एक मैलही झाला नाही. चौदातले पाच गेल्यावर उरलेल्या नऊ तासांत डिझेल, तपासणी, जेवण आणि रात्री ट्रक उभा करायला जागा शोधणं हे सगळं बसवायचं. पूर्वी कागदी लॉगबुक होतं तेव्हा लोक वहीत जुळवून घ्यायचे. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांत इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं. यंत्राला दया येत नाही. नियम चांगलाच आहे, झोपेत ट्रक चालवणारा कोणालाच नको. पण त्या पाच तासांची झळ सोसायची कोणी, हे नियमात लिहिलेलं नाही. ती ड्रायव्हरच सोसतो.

पहिले दोन तास थांबणं फुकट, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. त्यानंतर ‘डिटेन्शन’, म्हणजे थांबण्याचा आकार, लागू होतं. काही कंपन्या ते गोदामवाल्याकडून वसूल करतात आणि ड्रायव्हरला अर्धंमुर्धं देतात. काही वसूल करतात आणि देतच नाहीत. अमेरिकन वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये यावर अहवाल दिला. थांबण्याची सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढली तर अपघातांचं प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं, असा त्यात अंदाज आहे. कारण उघड आहे. मैलावर पोट असलेला माणूस गेलेली वेळ रस्त्यावरच भरून काढणार. त्याच अहवालाने ड्रायव्हरांचं या ताटकळण्यातलं वार्षिक नुकसान १.१ ते १.३ अब्ज डॉलर धरलं होतं.

म्हणून माझ्या टेबलावर येणाऱ्या स्लिपांत २,८०० चे आठवडे असतात, पण चांगल्या महिन्यातला एखादा. बर्फ, धंद्यातली मंदी, बिघडलेला ट्रेलर, ‘सोमवारपर्यंत लोड नाही’ असा लोड वाटणाऱ्या डिस्पॅचरचा निरोप, हे सगळं धरलं तर २,२०० च्या आसपास सरासरी येते. त्यातही हे मैल कंपनीच्या हिशेबाचे. बऱ्याच कंपन्या गाडीच्या मीटरवरचे मैल मोजत नाहीत. एका गावाहून दुसऱ्या गावापर्यंतचं ठरलेलं अंतर धरून पैसे देतात. वळसा, बंद रस्ता, डिझेलसाठी बाहेर पडणं हे सगळं ड्रायव्हरच्या खात्यावर. मीटर नेहमी शंभरामागे पाच-दहा मैल पुढे असतो.

आता पेन घ्या. २,२०० मैलांचे ५५ सेंटप्रमाणे १,२१० डॉलर. मीटरवर २,३५० मैल. सगळे थांबे आणि कोंडी धरून तासाला ५० मैलांचा वेग पडला तर ४७ तास चालवण्याचे. डॉकवरचं थांबणं, तपासणी, डिझेल, कागदपत्रं यांचे किमान १७. एकूण ६४ तास. १,२१० भागिले ६४ म्हणजे तासाला १८ डॉलर ९० सेंट.

हे वाईट नाही असं वाटेल. पण दुसऱ्या कोणत्याही साध्या तासावरच्या नोकरीत ६४ तास काम केलं, तर चाळिसाच्या पुढच्या २४ तासांना दीडपट मिळते. म्हणजे ४० अधिक ३६, ७६ तासांचा पगार. १,२१० ला ७६ ने भागा. १५ डॉलर ९२ सेंट. तुमच्या मिस्टरांना गोदामात तासाला १६ डॉलरची नोकरी मिळाली आणि त्यांनी ६४ तास घाम गाळला, तर एवढेच पैसे मिळतील, आणि रात्री घरी झोपतील.

आणखी एक भागाकार मी फक्त तुमच्यासाठी करतो, कायद्याला तो मान्य नाही. लांब पल्ल्याचा ड्रायव्हर तीन-तीन आठवडे बाहेर असतो. आठवड्याचे तास १६८. १,२१० भागिले १६८, ७ डॉलर २० सेंट. फेडरल किमान वेतन २००९ पासून ७ डॉलर २५ सेंटवर अडकलंय, हा त्याच्याही पाच सेंट खाली. झोपेचे पैसे कोण देतं, असं तुम्ही म्हणाल. पण स्वतःच्या घरी झोपणं आणि नेब्रास्कातल्या ट्रक स्टॉपवर बाजूच्या रीफरच्या (थंड मालाच्या ट्रेलरच्या) धडधडीत झोपणं, यात फरक आहे.

दीडपटीचं काय झालं, हे मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. १९३८ चा कामगार कायदा चाळीस तासांनंतर दीडपट द्या म्हणतो, पण राज्याराज्यांतून माल नेणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांना त्यातून पहिल्यापासून वगळलेलं आहे. ही सूट काढायचं विधेयक अलीकडे अमेरिकन काँग्रेसमध्ये एकाहून अधिक वेळा मांडलं गेलं आणि तिथेच राहिलं. एके काळी कायद्याऐवजी युनियनने ही उणीव भरून काढली होती. १९६४ मध्ये जिमी होफाच्या टीमस्टर्स युनियनने चार लाखांहून अधिक ट्रकवाल्यांसाठी देशभराचा एकच करार मिळवला. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ट्रक धंद्यावरची सरकारी बंधनं सैल केली, कोणीही चार ट्रक घेऊन धंद्यात उतरू लागला, भाडी पडली आणि त्यामागे मजुरीही पडली. ग्राहकाला स्वस्त माल मिळाला हे खरं, त्या स्वस्ताईचा एक हिस्सा ड्रायव्हरच्या तासांतून आला हेही खरं.

माझं मत विचाराल तर ५५ सेंट हा दर अन्यायाचा नाही. अन्याय त्या शून्यात आहे. ड्रायव्हर थांबला की गोदामवाल्याचं काही जात नाही, लोड जुळवून देणाऱ्या ब्रोकरचं जात नाही, कंपनीचं थोडंसंच जातं. ज्याचं काही जात नाही तो घाई कशाला करेल? माझे मामा कोल्हापूरहून गुळाचा ट्रक वाशीला घेऊन जायचे. त्यांना खेपेवर पैसे आणि वर भत्ता. मार्केटात नंबर लागेपर्यंत दीड-दीड दिवस ते ट्रकखाली सतरंजी टाकून पडून असायचे, त्याचा एक रुपया मिळत नसे. मैल म्हणा की खेप म्हणा, गोष्ट तीच. सरळ बोलायचं तर याला मी न्याय्य मजुरी म्हणत नाही.

पण तुम्हाला न्यायाआधी घराचा हप्ता आहे, तेव्हा घरखर्चाकडे येतो. १,२१० प्रमाणे वर्षात ४८ आठवडे धरले तर ५८,०८० डॉलर. हा आकडा हवेतला नाही. सरकारी आकडेवारीत मे २०२४ ला ट्रॅक्टर-ट्रेलर ड्रायव्हरांची मधली वार्षिक कमाई ५७,४४० होती, म्हणजे निम्मे त्याच्या वर आणि निम्मे खाली. दोन मुलांच्या टॅक्स क्रेडिटमुळे फेडरल इन्कम टॅक्स तुम्हाला फारसा लागायचा नाही. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के मात्र जातील, कोलंबस शहराचे अडीच टक्के जातील, ओहायोचे थोडेसे. हातात ५१,००० च्या आसपास. कुटुंबाच्या आरोग्य विम्याचे महिन्याला ६०० कापले जातील असं धरा (ऑफरमध्ये हा आकडा लिहून मागा, कंपनीगणिक तो फार बदलतो). रस्त्यावरच्या जेवणखाणाचे रोज २५ डॉलर, वर्षाचे सात हजार. राहिले ३७,००० च्या आत-बाहेर. महिन्याला तीन हजार. त्यातून २,१०० चा हप्ता गेला की नऊशे-हजारात किराणा, वीज, गाडी आणि मुलीचा ब्रेसेसचा डॉक्टर. तुमच्या पगाराची जोड दिली तर घर चालेल, पण ओढूनताणून. ८०,००० मधलं घर ते नव्हे.

तेही दुसऱ्या वर्षापासून. पहिले काही आठवडे ट्रेनरबरोबर जातात, त्या काळात मैल नसतो, आठवड्याची ठरावीक बेताची रक्कम असते. नव्या माणसाला लोडही उरलेसुरले मिळतात. ‘फी कंपनी भरणार’ याचा अर्थ बहुतेक ठिकाणी असा, की वर्षभर तिथेच चालवायचं, आधी सोडलं तर फी परत करायची. त्या कागदावर आकडा किती आहे आणि महिन्यागणिक तो कमी होतो का, एवढं बघा. सामुदायिक कॉलेजात स्वतःच्या पैशाने सीडीएल करणं सुरुवातीला जड वाटतं, पण पायात बेडी राहत नाही.

जेवणाखाणावरून एक आडवाटेची गोष्ट. काही कंपन्या पगाराचा एक भाग ‘पर डीएम’, म्हणजे रोजचा भत्ता, म्हणून देतात, त्यावर टॅक्स नाही. सध्या आयआरएसचा (टॅक्स खात्याचा) वाहतूकवाल्यांसाठीचा दर दिवसाला ८० डॉलर आहे. लोक खूश होतात. पण डब्ल्यू-टूवरची कमाई तेवढीच कमी दिसते. उद्या घराचं कर्ज नव्याने घ्यायला गेलात तर बँक तोच आकडा बघते, आणि सोशल सिक्युरिटीतही तेवढं कमी जमा होतं. तुमच्यासारख्यांना, ज्यांना इन्कम टॅक्स तसाही फारसा लागत नाही, त्यांना याचा फायदा कमी आणि तोटा जास्त.

आता त्या ‘ट्रक नावावर करून देऊ’कडे. इथे मी काका म्हणून आवाज चढवतो: नाही. लीज-पर्चेस म्हणतात त्याला. ट्रक कंपनीचा, हप्ता तुमचा, विमा तुमचा, डिझेल तुमचं, टायर तुमचे. लोड कोणता द्यायचा ते मात्र कंपनी ठरवणार. आठवडा बरा गेला नाही तर वजाबाकी आधी होते आणि उरलं तर तुम्हाला. माझ्या एका गिऱ्हाइकाची स्लिप मी आजही विसरलेलो नाही. सहा दिवस ट्रकात काढून आठवड्याच्या शेवटी आकडा होता उणे २१४ डॉलर. माणसाने काम केलं आणि वर देणंही तोच लागला. त्याने दीड वर्षाने ट्रक सोडला तेव्हा भरलेल्या हप्त्यांपैकी काही परत आलं नाही. अशाच एका ड्रायव्हरचं भांडण, डॉमिनिक ऑलिव्हेरा विरुद्ध न्यू प्राइम, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. कागदावर ‘स्वतंत्र कंत्राटदार’ लिहिलं म्हणून ड्रायव्हरला लवादात ढकलता येणार नाही, तो कोर्टात येऊ शकतो, एवढं तिथे ठरलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारनेच नेमलेल्या कार्यगटाने अशा लीज-पर्चेस योजनांवर बंदीच घाला असं सुचवलं. ग्रीनवुडमध्ये स्वतःचे ट्रक घेऊन नीट चाललेली माणसं आहेत, मी त्यांचेही टॅक्स भरतो. पण त्यांनी आधी तीन-चार वर्षं पगारावर चालवलं, पैसे साठवले आणि ट्रक बँकेकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून घेतला, लोड देणाऱ्याकडून नाही.

तब्येतीचं म्हणाल तर गोळ्यांवर शुगर ताब्यात असेल तर अडचण येऊ नये. २०१८ पासून इन्सुलिन घेणाऱ्यांनाही डॉक्टरच्या फॉर्मवर परवानगी मिळू शकते. बीपी १४०/९० च्या खाली असेल तर दोन वर्षांचं सर्टिफिकेट मिळू शकतं, वर गेलं तर एक वर्षाचं किंवा कमी. घोरत असतील तर स्लीप अ‍ॅप्निआची (झोपेत श्वास अडकण्याची) तपासणी करायला लावू शकतात. फीचा कागद सही करण्याआधी डीओटीची, म्हणजे ड्रायव्हरला लागणारी वाहतूक खात्याची, वैद्यकीय तपासणी करून घ्या, नंतर नाही. बसून बसून शुगर वाढते, हे मात्र मी अनेकांचं पाहिलंय. ग्रीनवुडचे लोक ट्रकात छोटा फ्रिज आणि इलेक्ट्रिक कुकर ठेवतात, राजमा-चावल करतात. मिस्टरांना मुगाची खिचडी जमत असेल तर जेवणाचे पैसेही वाचतील आणि शुगरही.

आणि माझा खरा सल्ला. सीडीएल काढा, पण लांब पल्ल्याच्या मैलावर जाण्याआधी कोलंबसमध्येच फिरून या. तुमच्या शहराच्या दक्षिणेला रिकनबॅकरच्या आसपास गोदामांची रांग आहे, तिथून रोज घरी येणाऱ्या, तासावर पगार देणाऱ्या ट्रकच्या नोकऱ्या निघतात. बऱ्याच जागी वर्षाचा अनुभव मागतात, सगळीकडे नाही. काही एलटीएल कंपन्या (अनेकांचा थोडा-थोडा माल एका ट्रकात नेणाऱ्या) डॉकवर कामाला घेऊन तिथूनच ड्रायव्हर करतात. तिथेही रात्री एका टर्मिनलहून दुसऱ्या टर्मिनलला मैलावरच जायचं असतं, पण ट्रेलर भरून तयार असतो, ताटकळणं नसतं, आणि सकाळी माणूस घरी असतो. मैलाचा दर जिथे शून्याशिवाय येतो तिथे तो चांगला.

आणखी दोन दारं आहेत, ती लोक विसरतात. कोटा, म्हणजे तुमच्याकडची शहर बस, ड्रायव्हरला स्वतः शिकवून घेते. तासाचा पगार, युनियन, सरकारी पेन्शन. आणि ताई, तुम्ही शाळेतच काम करता. तुमच्या शाळेच्या ऑफिसात विचारा, स्कूल बसला ड्रायव्हर हवाय का. सकाळ-संध्याकाळचे तास, मधली दुपार मोकळी, अनेक ठिकाणी आरोग्य विमाही मिळतो. पगार ट्रकपेक्षा कमी, पण वरच्या गणितात विम्याचे ७,२०० आणि जेवणाचे ७,००० वाचवून बघा, मग फरक किती उरतो ते पाहा. मधल्या दुपारी टेस्टिंगचं जुनं काम कंत्राटावर शोधायलाही वेळ राहतो.

(बाकी वाचकांसाठी एवढंच: एच-१बीवर असाल तर यातलं काही तुमच्यासाठी नाही. तो व्हिसा फक्त त्याच मालकाच्या त्याच कामासाठी असतो.)

सासूबाईंना ट्रक चालवतो असंच सांगा. सातारा हायवेवरचं गाव आहे, ट्रक त्यांनी जन्मभर पाहिलाय, टेस्टिंग म्हणजे काय हे मात्र त्यांना कधीच कळलं नसावं. त्या एवढंच विचारतील, रात्री झोपतो कुठे आणि जेवतो काय. तुमचाही प्रश्न तोच आहे.

रिक्रूटरला आता फोन करा आणि तीन गोष्टी ईमेलवर मागा: गेल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या ड्रायव्हरांना डब्ल्यू-टूवर सरासरी किती मिळाले, मैल मीटरचे की ठरलेल्या अंतराचे, आणि दोन तासांनंतर थांबण्याचे तासाला किती व ते कंपनीला मिळाले नाहीत तरी देणार का. फोनवर गोड बोलणारा माणूस ईमेलला उत्तर देतो का, तेही बघा. उत्तर आलं तर कंपनीचं नाव खोडून मला पाठवा, मी हिशेब मांडून देतो. मार्चच्या मध्यापर्यंत मात्र थांबू नका, तेव्हा माझ्या टेबलावर पिशव्यांचा ढीग असतो.

– काका